खिद्रापूरचं कोपेश्वर मंदिर: सहलीला दोन तारे, खांबांना पाच

मी टर्नर, म्हणजे लेथ मशीनवर धातूचा तुकडा फिरवून कातणारा कामगार. कोल्हापुरात उद्यमनगरात एकतीस वर्षं लेथवर उभा राहिलो. गुडघे बोलायला लागल्यावर घरी बसलो. हे आधी सांगतो, कारण पुढं जे लिहिलंय ते टर्नरच्या नजरेनं बघितलेलं आहे. मूर्तिशास्त्र कुणाला हवं असेल तर त्यांनी दुसरं वाचावं.

जानेवारीत मुलीनं आम्हा दोघांसाठी शिरोळ तालुक्यात कृष्णेकाठी असलेल्या खिद्रापूरच्या एका दिवसाच्या ‘वारसा सहली’चं बुकिंग केलं. माणशी साडेनऊशे रुपये, नाश्ता-जेवण धरून. कुणाची सहल ते लिहीत नाही. पोरं तरुण आहेत, धंदा नवीन आहे. बस वेळेवर आली, खुर्च्या बऱ्या होत्या, पाण्याच्या बाटल्या दिल्या. दोन तारे याचेच.

बाकीचे तीन कुठं गेले ते ऐका. सकाळी सातला निघालो. नृसिंहवाडीला दर्शनाची रांग, मग नाश्ता, मग पेढ्यांच्या एका दुकानासमोर बस पाऊण तास उभी. दुकानदाराची आणि सहलवाल्यांची ओळख दिसत होती. खिद्रापुरात उतरलो तेव्हा साडेअकरा वाजून गेले होते आणि गाईडनं जाहीर केलं, ‘चाळीस मिनिटं आहेत, सगळ्यांनी एकत्र राहायचं.’ ज्या देवळासाठी पैसे भरले त्याला चाळीस मिनिटं, आणि परतीच्या वाटेवरच्या हॉटेलात दीड तास. तांबडा-पांढरा चांगला होता, नाही म्हणत नाही. पण तो आमच्या गल्लीतही मिळतो.

गाईडला गोष्ट मात्र सांगता येत होती. दक्षानं यज्ञ मांडला, जावयाला बोलावलं नाही. सती तरीही माहेरी गेली आणि अपमान सहन न होऊन तिनं यज्ञकुंडात देह टाकला. शंकर कोपला, तो हा कोपेश्वर. त्याची समजूत काढायला विष्णू आला, तो धोपेश्वर. म्हणून गाभाऱ्यात दोन लिंगं. आणि सती माहेरी निघाली ती नंदीवर बसून, म्हणून इथं देवासमोर नंदीच नाही. तो कर्नाटकात यडूरला आहे. आमच्या घरच्या हे ऐकताना अगदी गुंगल्या होत्या. बसमध्ये मला म्हणाल्या, ‘बघा, बायको माहेरी गेली म्हणून देवानं गाव सोडलं नाही, तिथंच रागावून बसला.’ मी काही बोललो नाही.

गोष्ट संपली आणि पोरगं घसरलं. स्वर्गमंडपात सगळ्यांना नेलं. हा मंडप मुख्य देवळाच्या पुढं, सुटा उभा आहे. अठ्ठेचाळीस खांब, मधोमध बारा खांबांचं कडं आणि त्यावर छताला सुमारे तेरा फूट व्यासाचं गोल, उघडं आभाळ. खाली जमिनीवर जवळजवळ त्याच मापाची एकसंध गोल शिळा. निम्मी मंडळी त्या शिळेवर फोन ठेवून वरच्या भोकाचा फोटो काढत होती, उरलेली आपला नंबर कधी लागतो याची वाट बघत होती. गाईड सांगत होता की वर्षातून फक्त एकदा, त्रिपुरी पौर्णिमेला, चंद्र या गोलाच्या बरोब्बर वर येतो आणि हे कसं साधलं ते आजच्या विज्ञानालाही कळलेलं नाही. मग सभामंडपात नेऊन एका खांबावर टॉर्च मारला आणि म्हणाला, ‘हे बघा, त्या काळी लेथ मशीन होतं. म्हणजे वीज असणार.’

मी म्हटलं, ‘वीज कशाला? लेथ पायानंही फिरतं.’

‘काका, चला, बस सुटंल.’

त्या ‘बस सुटंल’नं मला दुसऱ्यांदा खिद्रापूरला नेलं. यावेळी एकटा, दुचाकीवर, सात मे रोजी.

तारीख मुद्दाम धरली होती. मे महिन्याच्या पहिल्या आठवड्यात कोल्हापूरच्या अक्षांशावर शून्य सावलीचा दिवस येतो, पेपरात बातमी असते. सूर्य भरदुपारी थेट डोक्यावर येतो, उभ्या वस्तूची सावली तिच्याच पायाखाली जाते. खिद्रापूर साधारण १६.७ अंश उत्तरेला, म्हणजे कोल्हापूरच्याच ओळीत. मी विचार केला, चंद्राचं राहू दे, सूर्याचं तरी बघू. छताला गोल भोक, खाली तेवढीच गोल शिळा, आणि सूर्य ओळंब्यात. उजेडाचा गोल शिळेवर बसायलाच पाहिजे. नाही बसला तर कारागिराचा ओळंबा चुकला.

जयसिंगपूर, शिरोळ, वाडी म्हणजे नृसिंहवाडी, कुरुंदवाड, मग अकिवाट, सैनिक टाकळी असा रस्ता. दोन्ही बाजूला ऊस. कुरुंदवाडच्या पुढं पाट्या कमी होतात, माणसांना विचारत जावं लागतं आणि माणसं नीट सांगतात. साडेदहाला पोचलो. देवळात एक गुरव, दोन कुत्री आणि मी. तिकीट वगैरे कुणी मागितलं नाही.

‘पावणं, कुठनं आलासा?’

‘कोल्हापुरातनं.’

‘उनाचं?’

‘उनासाठीच.’

गुरवानं माझ्याकडं जरा निरखून बघितलं आणि आपल्या कामाला लागला.

पिशवीतून एक जुना माइल्ड स्टीलचा रॉड आणला होता, आठ इंची, दोन्ही तोंडं लेथवर फेस केलेली, म्हणजे सपाट जागी उभा केला की काटकोनातच उभा राहणार. तो बाहेर फरशीवर ठेवला. बारा वाजल्यापासून सावली आखडत आली. या भागात मे महिन्यात सूर्य माथ्यावर येतो तो बारा वाजता नव्हे, साडेबाराच्या दोन-तीन मिनिटं आधी, कारण आपलं घड्याळ पूर्वेकडच्या रेखांशावर लावलेलं आहे. बारा पंचवीसला सावली नखाएवढी राहिली आणि मी मंडपात पळालो. पळालो म्हणजे काय, चपला बाहेर आणि फरशी तव्यासारखी, आपोआप पाय उचलत होते.

उजेडाचा गोल शिळेवर सरकत येत होता. कड थोडी धूसर, कारण सूर्य काही टिंब नाही, थाळी आहे. बारा सत्तावीस-अठ्ठावीसच्या सुमाराला तो शिळेवर बसला. अगदी मायक्रोमीटरनं मोजल्यासारखा बसला असं मी म्हणणार नाही, एका बाजूला बोटभर कमी, दुसऱ्या बाजूला बोटभर जास्त वाटला, आणि एवढ्या वर्षांत जमीनही बसली असेल. पण आठशेहून जास्त वर्षांपूर्वी दगडात धरलेला ओळंबा बोटभराच्या आत! आमच्याकडं नव्या शेडचे कॉलम याहून वाकडे बघितलेत. चार मिनिटांत गोल चार बोटं पूर्वेला सरकला आणि खेळ संपला.

आता चंद्राचं. त्यातही गूढ काही नाही, आणि गूढ नाही म्हणून त्याची मजा कमी होते असंही नाही. पौर्णिमेचा चंद्र आभाळात सूर्याच्या समोरासमोर असतो. हिवाळ्याकडं सूर्य दक्षिणेला कलला की पौर्णिमेचा चंद्र साधारण तेवढाच उत्तरेकडून जातो. नोव्हेंबरच्या मध्याला सूर्य अठरा-एक अंश दक्षिणेला असतो, म्हणजे चंद्र अठराच्या आसपास उत्तरेला, आणि देऊळ पावणेसतरावर. मध्यरात्री तो माथ्याजवळ येणारच. चंद्राची वाट सूर्याच्या वाटेशी पाचेक अंशांनी तिरकी आहे, म्हणून एखाद्या वर्षी नेमका, एखाद्या वर्षी थोडा बाजूला. हाच हिशोब जानेवारीअखेरच्या पौर्णिमेलाही लागतो. ‘वर्षातून फक्त एकदा’ हे सहलवाल्यांचं. त्रिपुरीला इथं गर्दी होते, दिवे लागतात, ते वेगळं. त्या रात्री जरूर जा, पण कॅलेंडर घेऊन हिशोब करून जा.

छत अर्धवट राहिलं म्हणून भोक आहे असंही काही जण म्हणतात. मला पटत नाही. अर्धवट राहिलेल्या कामाची कड अशी गोल आणि साफ राहत नाही, आणि खाली त्याच मापाची शिळा कुणी उगाच बसवत नाही. होमाचा धूर वर जायला ते ठेवलं असं सांगतात, ते असू शकेल. गोलाच्या काठाशी कार्तिकेय आणि वाहनांवर बसलेले अष्टदिक्पाल आहेत. इंद्राचा हत्ती, यमाचा रेडा, वरुणाची मगर एवढं ओळखता आलं तरी होकायंत्राची गरज नाही.

हे सगळं झाल्यावर मी ज्यासाठी आलो होतो तिकडं वळलो. सभामंडप. साठ खांब. आत अंधार आणि एकदम गार.

हे खांब एका दगडाचे नाहीत. खाली तळखडा, त्यावर चौकोनी भाग, मग गोल भाग, मग चपट्या चकत्या एकावर एक, त्यावर हस्त, म्हणजे बाहेर काढलेले आधार, आणि हस्तांवर तुळया. सगळं एकमेकांवर नुसतं ठेवलेलं, चुना नाही. वरचं वजन खालच्याला दाबून धरतं. कमान कुठंही नाही. खांब-तुळई, खांब-तुळई असं सगळं आभाळ तोललेलं. जिथं चौकोनाचा गोल करायचा आहे तिथं कोपऱ्यांत दगड पुढं काढत काढत छत आवळत नेलंय.

गोल भाग आणि चकत्या यांच्यावर सगळी मेख आहे. त्यांवर कडांना समांतर बारीक कंगोरे आहेत, व्ही-ग्रूव्हसारखे. लेथवरून उतरलेला जॉब, म्हणजे कातलेला तुकडा, जसा दिसतो तसेच. चालुक्य वळणाच्या देवळांतले असे खांब फिरवून कातलेले असावेत असं अभ्यासकही मानतात. पण कर्नाटकातल्या अनेक देवळांचा दगड मऊ आहे, शंखजिऱ्याच्या जातीचा, नखानं ओरखडा पडावा असा. आपला इथला काळा पाषाण म्हणजे बेसाल्ट. त्यावर लोखंडी टूल धरलं तर टूल जाईल. मग केलं कसं?

माझं मत सांगतो, चुकलं तर जाणकारांनी सांगावं. समजा दोन फूट व्यासाचा, चार फूट उंचीचा एक तुकडा आहे. बेसाल्टचा हिशोब धरला तर वजन एक टनाच्या घरात. तो आडवा धरून दोन सेंटरमध्ये, म्हणजे दोन्ही टोकांच्या टोकदार आधारांत, फिरवायचा म्हटलं तर दगडाची भोकं झिजणार, जॉब हलणार, कंगोरे वेडेवाकडे होणार. उभा फिरवला, कुंभाराच्या चाकासारखा, तर वजन खालच्या खुंटीवर येतं आणि दोन माणसं तो हळूहळू फिरवू शकतात. आधी छिन्नीनं गोलाच्या जवळ आणायचा आणि शेवटचा हात वाळू आणि पाणी लावून झिजवत द्यायचा. दगडाला टर्निंग म्हणजे कापणं नाहीच, झिजवणं आहे. वेग लागत नाही, सबुरी लागते.

याचा पुरावा मी टॉर्चनं शोधला. वर्कशॉपमध्ये फिनिश बघायचं असेल तर लाइट समोरून मारत नाहीत, जॉबला चिकटवून आडवा मारतात. मग लाट, चॅटर म्हणजे थरथरल्याच्या खुणा, सपाट पडलेली जागा, सगळं उघडं पडतं. तसा मारला. दोन खांबांवर मला गोल भागात हातभर जागी अगदी हलकी सपाटी दिसली, म्हणजे तिथं शेवटचा हात फिरवून नव्हे, बसून दिलाय. शेजारच्याच चकत्यांवर कंगोऱ्याची खोली सगळीकडं सारखी, डोळ्याला तरी सारखी. दोन पद्धती एकाच खांबात. मला वाटतं, जे फिरवणं परवडलं ते फिरवलं आणि बाकीचं हातानं जुळवलं. आमच्याकडंही तसंच चालायचं.

हात लावायचा मोह फार होतो. लावू नका. पुरातत्त्व खात्याच्या संरक्षणातलं देऊळ आहे आणि खालचा भाग पिढ्यान् पिढ्या लोकांच्या हातांनी आधीच गुळगुळीत झालाय, तिथं टर्नरचं काम आता दिसतच नाही. डोळ्याच्या उंचीच्या वर बघा, तिथं अजून धार आहे.

गाईडनं अख्ख्या देवळाला ‘हेमाडपंती’ म्हटलं, त्याचंही सांगून टाकतो. चुन्याशिवायचं जुनं काळं देऊळ दिसलं की आपण सगळेच तसं म्हणतो. पण हेमाद्री, म्हणजेच हेमाडपंत, हा महादेव आणि रामचंद्र या यादव राजांचा मंत्री, म्हणजे १२६० नंतरचा. इथं दक्षिणेकडच्या दाराजवळ देवनागरीतला संस्कृत शिलालेख आहे, यादव सिंघणाचा, शके ११३६ चा, म्हणजे इसवी सन १२१३-१४. कोपेश्वराच्या पूजेअर्चेसाठी गाव दिल्याची नोंद त्यात आहे. तेव्हा देऊळ उभंच होतं. बहुतेक बांधकाम त्याआधीच्या शतकात, कोल्हापूरच्या शिलाहारांच्या काळात झालं असं मानतात, गंडरादित्याचं नाव घेतात. त्याच घराण्यातला शेवटचा भोज, पन्हाळ्याचा, त्याला सिंघणानं हरवलं आणि थोड्याच दिवसांत हा लेख आला. कारखान्याचा मालक बदलला की नवा मालक पहिल्या पगाराला जास्तच हात सैल सोडतो, तसं मला ते वाचून वाटलं. इतर लेख बहुतेक कन्नडमध्ये आहेत. त्यावर इथं कुणी भांडत नाही, नदीपलीकडचं जुगूळ कर्नाटकातच आहे आणि बाजारात दोन्ही भाषा चालतात.

गावाचं जुनं नाव कोप्पम. १०५४ च्या सुमारास चालुक्य सोमेश्वर आणि चोळ राजाधिराज यांची मोठी लढाई कोप्पमला झाली, राजाधिराज हत्तीवर बसलेला असतानाच पडला. ते कोप्पम म्हणजे हेच असं काही अभ्यासकांचं मत आहे, काहींचं कर्नाटकातल्या कोप्पळकडं बोट आहे. मी आपला खिद्रापूरच्या बाजूनं. शेजारी टाकळी आहे, घरटी फौजी देणारी. पाण्यातच काही असेल.

बाहेरून देवळाला एक फेरी मारा. भिंत सरळ नाही, चांदणीच्या टोकांसारखी आत-बाहेर मोडत जाते, त्यामुळं सकाळी आणि दुपारी सावल्यांचा ताल वेगळा असतो. खाली हत्तींची रांग आहे, जणू देऊळ त्यांच्याच पाठीवर. मोजायला लागलो आणि मध्येच चुकलो. बहुतेकांच्या सोंडा आणि तोंडं तुटलेली. लोक मुघल फौजेला बोल लावतात. हत्तींच्या वरच्या पट्ट्यांत पंचतंत्रातल्या गोष्टी शोधण्यात मुलांचा छान वेळ जाईल. शिखर नंतरचं आहे, विटांचं आणि चुन्याचं, खालच्या दगडापुढं ते पाहुण्यासारखंच दिसतं. गावात आदिनाथाचं जुनं जैन मंदिरही आहे. तिथं मी दहाच मिनिटं थांबलो, पोट बोलायला लागलं होतं, ती माझी चूक.

घाटाकडं गेलो तर कृष्णा मेमध्येही भरलेली दिसली. ऑगस्टमध्ये हीच नदी वेगळी असते. २००५, २०१९, २०२१, शिरोळ तालुक्यातल्या माणसाला ही सालं लग्नाच्या तारखेसारखी पाठ आहेत. गुरव म्हणाले, ‘पाणी येतंय, बघतंय आणि जातंय.’ एवढ्या पुरांतून हे बिनचुन्याचे सांधे उभे राहिलेत. पावसाळ्यात जाणार असाल तर आधी रस्ता चालू आहे का ते विचारून घ्या.

कोरड्या बाजूही लिहितो. आत माहिती देणारा फलक आहे तो चार ओळींत आटोपतो, खांबांबद्दल तर अवाक्षर नाही. स्वच्छतागृहाचा भरवसा धरू नका, वाडीत उरकून या. गावात चहा मिळाला, जेवणाचं विचारू नका. बस आहे कुरुंदवाडहून, पण परतीची वेळ वाहकाला विचारूनच उतरा. येताना वाडीला थांबलो, बासुंदी खाल्ली आणि घरच्यांसाठी कवठाची बर्फी घेतली. जानेवारीत त्या दुकानासमोर पाऊण तास कुरकुरलो होतो, त्याच दुकानातून. बर्फी चांगली होती, ती त्यांची बाजू.

सहलवाल्या पोरांना एकच सांगणं: खिद्रापूरला तीन तास द्या, हॉटेलचा एक तास कापा. सभामंडपात लोकांना खाली बसवा आणि पाच मिनिटं काहीच सांगू नका, डोळे अंधाराला सरावले की खांब आपोआप दिसायला लागतात. आणि ते विजेचं तेवढं काढून टाका.

जाणाऱ्यांनी टॉर्च न्यावा, मोबाइलचा नव्हे, हातात धरायचा. सेल नवे घाला. माझे एकविसाव्या खांबाला गेले, उरलेले एकोणचाळीस अजून बघायचेत.